धाकट्याचं वजन

२ मार्च

चि. ढब्बू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्ता धाकट्याकडून काढला. त्याला रागावू नकोस, तो द्यायला तयारच नव्हता. मी हात धुऊन मागे लागलो तेव्हा कुठे दिला.

तुझा भाऊ काल घरी आला. दवाखान्यातल्या त्या काचेच्या खोलीतून एकदाचा सुटला. डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या पेशींनी हाडांत घर केलंय, रक्त बनायला लागलंय, कॅन्सरचं नाव सध्या तरी दिसत नाही. मी मान डोलावली. कळलं काही नाही, पण डॉक्टर हसत होते, तेवढं पुरलं. तू आलीस, हातात सुया टोचून घेऊन त्या यंत्रापाशी दिवसभर पडून राहिलीस, पेशी देऊन गेलीससुद्धा, आणि मला ते नंतर सिस्टरकडून कळलं. दवाखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरलीस म्हणे. घर चार गल्ल्या सोडून होतं. असो, तक्रार करायला बसलेलो नाही.

घर तू आता ओळखणार नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ नको, कुंड्या नकोत, गालिचे नकोत. पडद्यात धूळ बसते म्हणून मी घरातले सगळे पडदे उतरवून टाकले. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्या आणि आता पडदेवाल्याच्या स्वतःच्या खिडक्या उघड्या. समोरची बाई विचारत होती, दुकान विकलं का म्हणून.

खरा प्रश्न खाण्याचा आहे. जाताना तिथल्या आहाराच्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं. म्हणाल्या, "काका, औषधं आम्ही देतो, पण आता सगळं वजनावर आहे. ट्रान्सप्लांटनंतर जे पेशंट झपाट्यानं वाळतात, ते साध्या तापालाही तोंड देऊ शकत नाहीत. काही जण हातचे जातात. याच्या अंगावर आधीच काही नाही. आता एक किलोही उतरायला नको." दर आठवड्याला काट्यावर उभं करणार आहेत. वजन फार उतरलं, तर पुन्हा भरती आणि नाकातून नळी.

नळीचं नाव काढलं की धाकटा पांढरा पडतो. वॉर्डात असताना एकदा घातली होती, दिवसभर ओकत होता. घरी आल्या आल्या मला म्हणाला, "बाबा, पुन्हा नळी घातली तर मी उपटून टाकेन, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, घालू कोण देतंय? मी बसलोय ना. तुझी आई गेल्यापासून स्वयंपाकघर माझ्याच ताब्यात आहे. दुकान कारागिरावर सोडलंय. सकाळी अंडं, मग मऊ भात, मग सूप, मग दुधात ती डब्यातली पावडर. सगळं ताजं, सगळं नीट शिजवलेलं. तोंडातल्या जखमा अजून भरल्या नाहीत आणि प्रत्येक गोष्टीला गंजक्या खिळ्याची चव येते म्हणतो. दोन घास खातो आणि चमचा ठेवतो. पण खाईल. नाही खाल्लं तर भरवीन.

तू बंदरावर क्रेन चालवतेस असं त्यानं सांगितलं. एवढाले कंटेनर उचलून जहाजावर ठेवतेस म्हणे. बरं वाटलं. तू नीट जेवतेस ना, हे विचारायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही, ते मला माहीत आहे.

बाबा

२८ मार्च

चि. थोरलीस,

तुझा निरोप मिळाला. "पुन्हा ढब्बू लिहिलंत तर पाकीट फोडणार नाही." धाकटा मला सांगताना इकडेतिकडे बघत होता, बिचारा. बरं, नाही लिहिणार. आम्ही लाडानं म्हणायचो, पण तुला लाड वाटत नसतील तर तो लाड कसला.

आणि त्या दिवसाचंही एकदा बोलून टाकतो. दुकानाची नवी जागा उघडली तेव्हाचं. सगळी गिऱ्हाइकं, व्यापारी, नातेवाईक जमले होते आणि मी तुझ्या ताटलीतला केकचा तुकडा उचलून म्हटलं, "आता पुरे, नाहीतर हिच्या कपड्यांना पडद्याचा तागा काढावा लागेल." लोक हसले, म्हणून मीही हसलो. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझी आईपण म्हणायची. पण तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. महिनाभरात घर सोडलंस. त्या महिन्यात माझ्यासमोर तू एक घासही तोंडात घातला नाहीस, हे तू गेल्यावर माझ्या लक्षात आलं. गमतीनं बोललो होतो, एवढंच सांगायचंय.

आता चांगली बातमी. वजन टिकून आहे. दर सोमवारी मी स्वतः काटा बघतो. आहाराच्या बाई तर खूश आहेत. म्हणाल्या, "काका, कमाल केलीत तुम्ही. बाकीच्यांची वजनं घसरतायत आणि याचं जागचं हलत नाही. खायला काय घालता ते इतरांनाही सांगा." तिथे बाकावर एक बाई बसलेल्या असतात, त्यांच्या नवऱ्याचा ट्रान्सप्लांट आपल्या आगेमागेच झाला. फार वाळलाय तो, त्याला नळी घातलीय. मी त्या बाईंना चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. अंडं कसं द्यायचं, भातात लोणी कधी घालायचं, रागवायचं नाही, पण सोडायचंही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझे आभार मानले.

धाकटा बोलतो कमी. दवाखान्यात थंडी वाजते त्याला, म्हणून मी एक जाड जाकीट आणि विजार शिवून दिलीय, अस्तर लावून. तेवढी तिथे जाताना घालतो. परत आलो की दारातच म्हणतो, "बाबा, आधी हे काढा अंगातून." जिना चढताना दोनदा थांबतो. अशक्तपणा राहणारच म्हणा, एवढं मोठं दुखणं.

तुझ्याशी तो काय काय बोलतो ते मी विचारत नाही. माझ्याबद्दल काही बोलला तर फार मनावर घेऊ नकोस, आजारी माणूस आहे.

बाबा

१९ एप्रिल

चि. थोरलीस,

हे पत्र लिहायला तीनदा बसलो. लिहावं लागणारच आहे.

धाकट्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी घसरतायत. आधी एका विषाणूनं डोकं वर काढलं, म्हणून त्यावरचं जोरदार औषध सुरू केलं. विषाणू दबला, पण रक्तही उतरायला लागलं. मूत्रपिंडांचे रिपोर्टही चांगले नाहीत. दवाखान्यात सगळे बुचकळ्यात पडलेत. डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, "काका, तो खरंच जेवतोय ना? वजन ठीक आहे, पण चेहरा बघून तसं वाटत नाही." मी म्हटलं, जेवतोय हो, मी स्वतः भरवतो.

म्हणाले, असंच चालू राहिलं तर बहिणीला पुन्हा बोलवावं लागेल. पुन्हा थोड्या पेशी घेऊन त्याला द्याव्या लागतील. नाहीतर साधा सर्दीतापही त्याला पुरेल. ते तुला फोन करतीलच. पण मी बाप आहे, मीच आधी सांगावं म्हणून लिहितोय.

त्याचं असं झालं की तुझ्या पेशी कमी पडल्या. तुला दोष नाही, कुणाच्या पेशी कशा निघतील हे कुणाच्या हातात थोडंच असतं. पण इथे कुणीतरी म्हणत होतं की जाड अंगातल्या पेशी जरा सुस्त असतात, नव्या जागी गेल्यावर कामाला लागत नाहीत. मला त्यातलं कळत नाही. ऐकलं ते लिहिलं. येईपर्यंत तुला थोडं अंग उतरवता आलं तर बघ, असं आपलं माझं म्हणणं. भावासाठी म्हणून. मला माहीत आहे, हे माझ्या तोंडून तुला आवडायचं नाही.

ये मात्र. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, मी समोर येणार नाही. पण ये.

बाबा

३ मे

मुली,

आज तुला सगळं सांगतो. मागचं पत्र जवळ असेल तर ते आधी फाडून टाक.

तुझ्या पेशी कमी पडल्या नव्हत्या. असं कुणी म्हणालं नाही. जाड अंगाच्या पेशी सुस्त असतात असंही इथे कुणी म्हणालं नाही, ते मी माझ्या मनचं लिहिलं. का लिहिलं ते पुढे येईल.

पडद्याच्या खालच्या दुमडीत आपण शिशाच्या चकत्या शिवतो, पडदा सरळ पडावा, वाऱ्यावर उडू नये म्हणून. त्या चकत्या मी धाकट्याच्या कपड्यांत शिवल्या. जाकिटाच्या अस्तरात, विजारीच्या कमरेला आणि दुमडीला.

पहिल्या आठवड्यातच त्याचं वजन उतरलं होतं. घरच्या काट्यावर आम्हाला दिसत होतं आणि दवाखान्यात जायला दोन दिवस होते. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "बाबा, एकच आठवडा सांभाळून घ्या. पुढच्या आठवड्यात मी खाऊन भरून काढतो. नळी नको." मी म्हटलं, काटा का माझ्या ओळखीचा आहे? तर म्हणाला, "पडद्याला घालता ना, तसं मलाही जरा खाली ओढून धरा." आणि हसला. कितीतरी महिन्यांनी हसला तो. मीही हसलो. दुकानातून मूठभर चकत्या आणल्या आणि बसलो शिवायला. अशी सफाईदार शिलाई मी बऱ्याच वर्षांत घातली नव्हती. कुठे फुगवटा नाही, कुठे आवाज नाही. मला माझं कौतुक वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या आठवड्यात तो आणखी उतरला. मग आणखी चकत्या. आधीच्या काढल्या तर एकदम घसरलेलं दिसेल, म्हणून त्या तशाच. असं करत गेलो. पोराच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती आणि बापानं त्याच्या कमरेला शिसं बांधलं. जिन्यात तो थांबायचा ते त्यामुळे. मी तुला अशक्तपणा म्हणून लिहिलं.

एवढंच असतं तर पोराचा हट्ट पुरवला म्हणून स्वतःची समजूत घातली असती. पण आहाराच्या बाई जे कौतुक करायच्या ना, ते मला गोड लागायला लागलं होतं. पोरगा घरात दोन चमचे सूप पिऊन तोंड फिरवत होता आणि मी तिथे बाकावर बसून दुसऱ्याच्या बायकोला खाऊ कसं घालावं याचे धडे देत होतो. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. तेव्हा नाही वाटली.

गेल्या सोमवारी काट्यावर चढताना धाकट्याचा तोल गेला. तो कठड्यावर आपटला. जाकिटाची शिवण उसवली. चकत्या टणाटण जमिनीवर पडल्या आणि घरंगळत बाकांखाली गेल्या. सगळा व्हरांडा बघत होता. सिस्टर त्याला उचलायला धावल्या आणि मी, मी गुडघ्यांवर बसून चकत्या गोळा करत होतो. पोराला सोडून. एक चकती बाकावरच्या त्या बाईंच्या पायाशी गेली होती. त्यांनी वाकून ती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली.

डॉक्टर बाहेर आले. "काका, हे कशाचं?"

"पडद्याचं."

"अशा किती आहेत त्याच्या अंगावर?"

मी खाली बघत सांगितलं. त्यांनी त्याला नुसत्या दवाखान्याच्या सदऱ्यावर पुन्हा काट्यावर घेतलं, दोघांनी धरून. पाच किलोंचा फरक निघाला. ते ओरडले नाहीत गं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ते विषाणूचं औषध वजन बघून मोजतात. त्यांनी ते एका माणसाला दिलं आणि प्रत्यक्षात तिथे त्याहून लहान माणूस होता. त्यात तो उपाशी, मूत्रपिंडं थकलेली, औषध अंगात साचत गेलं आणि त्यानं हाडांतल्या नव्या पेशी मारल्या. "एकट्या चकत्यांनी हे झालं असं मी म्हणणार नाही," असं म्हणाले, "पण खरं वजन कळलं असतं तर डोसही कमी केला असता आणि त्याला पोटभर अन्नही दिलं असतं. वेळेवर."

मी विचारलं, "म्हणजे त्याच्या बहिणीच्या पेशी?"

"पेशी उत्तम होत्या. ताई अंगानं भक्कम आहेत, अशांच्या पेशी चांगल्या मिळतात. एकाच बैठकीत लागत होत्या त्याहून जास्त मिळाल्या."

तू दिलंस ते भरपूर होतं. मी ते मारलं. आणि मारत असतानाच तुला लिहिलं की तुझं कमी पडलं. मला आतून कळत होतं की यात कुठेतरी माझं शिसं आहे. डॉक्टर विचारत होते तेव्हा बोललो असतो तर औषध तिथल्या तिथे थांबलं असतं. मी मूग गिळून बसलो आणि घरी येऊन दोष तुझ्या अंगावर ढकलला. तुझ्या अंगावर दोष ढकलायची मला सवयच आहे, त्याला काही विचार करावा लागत नाही.

धाकटा पुन्हा काचेच्या खोलीत आहे. नाकात नळी घातलीय. त्यानं हूं की चूं केलं नाही. डोळे मिटून पडून राहिला आणि नळी गेली. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, ते दोन मिनिटांचं काम होतं.

आता त्याला तुझ्याच पेशी लागणार आहेत. मागायला मला तोंड नाही. पण मागतो. आणि हे सगळं कळल्यावर तू नाही म्हणालीस, तर तुझा दोष नाही हेही इथेच लिहून ठेवतो.

बाबा

१७ मे

मुली,

सोबतचं ३ मेचं पत्र मी पोस्टात टाकलं नाही.

पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि खिशात ठेवलं. त्याच दुपारी दवाखान्यातून कळलं की तू यायला तयार झालीस, तारीखही ठरली. मग मी हिशेब केला. येतेच आहे ना, मग आता कशाला. वाचून रागावली, आली नाही, तर पोरगा जाईल. पेशी देऊन होऊ दे, मग सांगू. रोज पोस्टाच्या पेटीवरून जात होतो. रोज असंच म्हणत होतो. भावाच्या जिवासाठी गप्प बसलोय असं वाटायचं आणि बरंही वाटायचं.

काल तू आलीस. मी शब्द दिल्याप्रमाणे समोर आलो नाही, औषधांच्या खिडकीपाशी खांबाआड उभा होतो. सिस्टरबरोबर एक बाई आत गेली आणि मी पुन्हा दाराकडे बघत राहिलो, तू यायची वाट बघत. ती बाई तू होतीस. गालफडं बसलेली, कपडे अंगावर लोंबणारे. भिंतीला हात लावून चालत होतीस.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, ताईंचं रक्त फार उतरलंय, उभं राहिलं की चक्कर येते, अशा अंगातून पेशी घेता येणार नाहीत. आठवडाभर नीट खाल्ल्याशिवाय सुई टोचणार नाही. आणि धाकट्याकडे तेवढा आठवडा आहे की नाही, ते सांगता येत नाही. कालपासून त्याला ताप आहे.

मग त्यांनी विचारलं, "काका, ताई सिस्टरना म्हणाल्या, मागच्या वेळी माझ्या जाडपणामुळे पेशी कमी पडल्या, म्हणून या वेळी उतरवून आलेय. महिनाभर जवळजवळ पाण्यावर राहिल्यात त्या. हे त्यांना कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. सिस्टर तिथेच होत्या, त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग डॉक्टर म्हणाले, "मी त्यांना एवढंच सांगितलंय की पेशी चांगल्या होत्या. त्यांचा विश्वास बसत नाहीये. म्हणतात, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. बाकीचं तुम्हीच सांगा."

बरोबरच आहे. माझी एक वाईट गोष्ट तू लगेच खरी मानलीस, कारण लहानपणापासून मी तीच सांगत आलो. डॉक्टरांची चांगली गोष्ट तुला पटत नाही, कारण तशी मी कधी एकही सांगितली नाही.

मी रात्री घरी जाऊन पडलो आणि सकाळी उठून आधी वाटलं, काहीतरी करून आणावं तुझ्यासाठी. तुला भात आवडायचा, भरपूर लोणी घातलेला. पातेलं चढवलंही. मग बंद केलं. मी केलेलं तुझ्या घशाखाली उतरणार नाही. आणि उतरलं, तरी मी तिथे खांबाआडून बघत राहीन, किती खाल्लंस, किती टाकलंस. बघितल्याशिवाय माझ्यानं राहवणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून फक्त ते न टाकलेलं पत्र घेऊन आलो. हे इथे व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितोय. शेजारी त्या बाई बसल्या आहेत. त्यांच्या नवऱ्याचं वजन वाढतंय. मला बघून त्या थोड्या सरकल्या, मला बसायला जागा व्हावी म्हणून.

आता तुझ्यापुढे काय आहे ते नीट सांगतो, म्हणजे पुन्हा काही लपवलं असं नको. तू आठवडाभर जेवलीस आणि पेशी दिल्यास, तरी तो वाचेलच असं नाही. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. नाही वाचला तर तुझ्या पेशी कमी पडल्या असं एक दिवसही मनात आणू नकोस. मागच्या वेळी भरपूर होत्या, या वेळी कमी मिळाल्या तर तुला मी उपाशी ठेवलं म्हणून. हे मी डॉक्टरांना सांगितलंय, सिस्टरना सांगितलंय, धाकट्याला काचेच्या बाहेरून फोनवर सांगितलंय. तो म्हणाला, "चकत्या मीच मागितल्या होत्या, बाबा, तेही ताईला लिहा." लिहिलं. पण तो आजारी होता आणि घाबरलेला होता. मी धडधाकट होतो.

आणि परत जावंसं वाटलं तर जा. कुणी अडवणार नाही, मी तर नाहीच. धाकट्याचं काय ते मी त्याच्याजवळ बसून निस्तरीन.

तू सुंदर दिसायचीस. त्या दिवशी दुकानात, निळ्या कपड्यांत, ताटली हातात घेऊन हसत उभी होतीस. मला तेव्हाही दिसलं होतं.

बाबा

ता. क. सिस्टर तुझं जेवणाचं ताट घेऊन इथे उभ्या आहेत. म्हणतात, "काका, द्या ती पत्रं, पण मी जेवण झाल्यावर देते. आधी दिली तर त्या जेवायच्या नाहीत, आणि आज त्यांनी जेवणं फार गरजेचं आहे." खरं आहे त्यांचं. मीही दोन्ही पत्रं मागे घेऊन खिशात घातली होती. आता पुन्हा बाहेर काढली आहेत आणि त्यांना ती ताटाच्या आधी द्यायला सांगितलंय.